अभिमान हवा, पुरावा कशाला?

“गाडीवर एक तिरंगा लावून घे. रात्री-अपरात्री फिरतोस.”

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पुण्यात एक जुनी मोटारसायकल घेतली, तेव्हा अब्बांनी फोनवर दिलेला हा पहिला सल्ला. दुसरा हेल्मेटचा होता. मी दोन्ही ऐकले. तिरंगा मला आवडतो, ते मला कुणी शिकवायची गरज नाही. पण ते स्टिकर पेट्रोलच्या टाकीवर चिकटवताना माझ्या मनात जे होतं, त्याला अभिमान म्हणता येणार नाही. हेल्मेट ज्या कारणासाठी घेतलं, त्याच कारणासाठी स्टिकर लावलं. उद्या कुणी अडवलं, तर माझं नाव विचारण्याआधी त्याची नजर झेंड्याकडे जावी, एवढाच हिशेब.

हे वाचणाऱ्या बहुतेकांना मी काय म्हणतोय ते समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे दहा-अकरा वर्षं मी त्या स्टिकरचा विचार केला नाही. तो केला कॅलिफोर्नियात, दुसऱ्याच्या गाडीवरची एक मधमाशी बघून.

२०१८ साली कंपनीने मला दीड वर्षासाठी ऑनसाइट पाठवलं. मी कॅमरिलो नावाच्या छोट्या शहरात राहत होतो. शेजारी सत्तरीला टेकलेले एक आजोबा होते. त्यांच्याकडे जुना पिकअप ट्रक होता आणि त्याच्या फाळक्यावर बशीएवढं गोल मॅग्नेट लावलेलं होतं. त्यावर चिडलेली मधमाशी, डोक्यावर खलाशाची पांढरी टोपी, एका हातात पाना, एका हातात हातोडा आणि पुढे धरलेली मशीनगन. मला आधी वाटलं, कुठल्या तरी फुटबॉल टीमचं चिन्ह असेल.

आपल्याकडे गाडीवर स्टिकर असतं, तिकडे मॅग्नेटही खूप दिसतात. पातळ रबरासारखी शीट, आत लोहचुंबकाची भुकटी. पत्र्याला लावलं की बसतं, ओढलं की निघतं. गम नाही, डाग नाही. आजोबा दर रविवारी ट्रक धुवायचे तेव्हा ते मॅग्नेट अलगद काढायचे, त्याची मागची बाजू पुसायचे, खालचा पत्रा पुसायचे आणि परत लावायचे. एकदा मी विचारलं, “रोज कोण बघतंय? इतकी काळजी कशाला?” ते म्हणाले, “खाली धूळ आणि पाणी साचून राहिलं तर रंग जातो. वरून छान दिसतं, खाली सगळं खराब झालेलं असतं.”

मग त्यांनी मधमाशीची गोष्ट सांगितली.

अमेरिकन नौदलात ‘कन्स्ट्रक्शन बटालियन’ असतात. इंग्रजीतली त्यांची आद्याक्षरं सी आणि बी. त्यावरून नाव पडलं सीबीज, म्हणजे समुद्रावरच्या मधमाश्या. दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकेचे पॅसिफिकमधले नाविक तळ खासगी कंत्राटदारांचे कामगार बांधत. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने वेक बेटावर हल्ला केला, तेव्हा तिथे असे सुमारे ११०० कामगार होते. साध्या कामगाराने शस्त्र उचललं तर आंतरराष्ट्रीय कायद्याने त्याला सैनिकाचं संरक्षण मिळत नाही. बेट पडलं, कामगार कैद झाले, आणि मागे ठेवलेल्या ९८ जणांना १९४३ मध्ये जपान्यांनी ठार केलं. वेक पडल्यावर लगेचच ॲडमिरल बेन मोरील यांनी प्रस्ताव मांडला, की बांधणाऱ्यांनाच नौदलात घ्या. १९४२ च्या सुरुवातीला मंजुरी मिळाली. गवंडी, सुतार, वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, क्रेनवाले अशा साठेक धंद्यांतली माणसं भरती झाली. सुरुवातीच्या भरतीचं सरासरी वय ३७ होतं. युद्ध संपेपर्यंत सव्वातीन लाख माणसं सीबीज म्हणून काम करून गेली. ३०० हून अधिक बेटांवर त्यांनी काम केलं. १११ मोठ्या धावपट्ट्या आणि ४४१ धक्के बांधले.

मला ऐकताना मजा वाटली, कारण मी मिस्त्रीचा मुलगा आहे. अब्बांनी मिरजेत चाळीस वर्षं सेंटरिंगची आणि स्लॅबची कामं केली. लहानपणी त्यांच्या सायकलवर पुढे बसून जाताना ते एका पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, “ये अपन बांधे सो टाकी है.” त्या टाकीवर उद्घाटन करणाऱ्याच्या नावाची फरशी आहे. अब्बांचं नाव कुठेच नाही. आणि इथे एक म्हातारा मिस्त्री आपल्या कामाचं चिन्ह गाडीवर लावून फिरत होता, दर रविवारी ते पुसत होता. त्याला कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. त्याने बांधलं होतं, म्हणून ते लावलं होतं. माझ्या मोटारसायकलवरच्या स्टिकरची आठवण मला तिथे आली.

गोष्ट इथे संपली असती तर हा लेख सोपा झाला असता.

मी भारतातला म्हटल्यावर आजोबा खूश झाले होते. “मग मी तुझ्या शेजारीच होतो,” ते म्हणाले. “हिंदी महासागरात, एका बेटावर. धावपट्टी बांधायला.”

“कुठलं बेट?”

“दिएगो गार्सिया.”

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सहावी-सातवीत होतो. २००१ सालची गोष्ट. अफगाणिस्तानवर बॉम्ब पडत होते आणि अब्बा रोज रात्री बातम्या लावून बसायचे. मोठी बॉम्बर विमानं दिएगो गार्सियावरून उडतात असं बातम्यांत यायचं. १९९१ च्या आखाती युद्धातही ती तिथूनच उडाली होती. कन्याकुमारीपासून सुमारे १८०० किलोमीटरवरचं हे बेट. आज तिथली धावपट्टी १२,००० फुटांची आहे. तिचा पहिला दगड ज्यांनी घातला, ते १९७१ मध्ये तिथे उतरलेले सीबीज होते.

आणि त्या बेटावर माणसं राहत होती. चागोस द्वीपसमूहातले लोक, पिढ्यान् पिढ्या नारळाच्या बागांत काम करणारे. बेट ब्रिटनच्या ताब्यात होतं, तळ अमेरिकेला हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार लोकांना त्या बेटांवरून हलवून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं. त्यांची पाळलेली कुत्री मारून टाकली. ते लोक आणि त्यांची मुलं अजून परतीचा हक्क मागत आहेत. २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ब्रिटनने या बेटांवरचा आपला कारभार लवकरात लवकर संपवावा.

मी आजोबांना विचारलं, “तिथे कुणी राहत होतं?”

ते जरा थांबले. म्हणाले, “आम्ही गेलो तेव्हा घरं होती, एक चर्च होतं. माणसं नव्हती. आम्ही विचारलं नाही. आम्हाला काँक्रीट ओतायचं होतं.”

मला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

अमेरिकेला जाण्याआधी एका क्लायंटसाठी आमच्या टीमने कर्जाचे अर्ज चाळणारं एक मॉड्यूल लिहिलं होतं. अर्जदाराला गुण द्यायचे, आणि त्यात पिनकोड हा एक निकष होता. काही पिनकोड आले की गुण आपोआप खाली. टेस्टिंग करताना माझ्या लक्षात आलं, की त्यातला एक पिनकोड माझ्या खालाच्या वस्तीचा आहे. अर्जदाराने कधी एक हप्ता चुकवला नसला तरी त्या वस्तीत राहतो म्हणून तो मागे पडणार. मी एक मेल लिहिला. उत्तर आलं, क्लायंटची रिक्वायरमेंट आहे. मी पुढे काही बोललो नाही. रिलीज वेळेत झाली, टीमने पार्टी केली, आणि त्या प्रोजेक्टचं नाव अजून माझ्या बायोडेटात अभिमानाने लिहिलेलं आहे.

आजोबांना काँक्रीट ओतायचं होतं, मला कोड लिहायचा होता. दोघांनीही विचारलं नाही, किंवा विचारून गप्प बसलो.

मग नोकरी करणाऱ्या माणसाने करावं तरी काय? सगळं सोडून घरी बसावं? याचं एक उत्तर मला त्याच मधमाशीच्या इतिहासात सापडलं. कॅमरिलोपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर पोर्ट वायनीमी आहे. तिथे सीबीजचा तळ आहे आणि संग्रहालयही आहे. एका सुट्टीला आजोबाच मला तिथे घेऊन गेले. तिथून आल्यावर मी या बटालियनांबद्दल वाचत गेलो.

महायुद्धाच्या काळात अमेरिकन नौदलात काळ्या माणसांच्या बटालियन वेगळ्या होत्या. ३४ वी कन्स्ट्रक्शन बटालियन त्यातली एक. सैनिक काळे, अधिकारी गोरे. वीस महिने पॅसिफिकच्या बेटांवर त्यांनी काम केलं. राहण्याची सोय वेगळी होती. कितीही हुशार आणि अनुभवी असले तरी काळ्या सैनिकांना बढती मिळत नव्हती, वरच्या जागांवर गोरेच आणून बसवले जात. बटालियन परत पोर्ट वायनीमीला आली तरी तेच चालू राहिलं. मार्च १९४५ मध्ये या बटालियनच्या सुमारे एक हजार माणसांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. पण कामावर ते रोज हजर होते. एकाही माणसाने कामचुकारपणा केला नाही, कुणी आदेश मोडला नाही. फक्त जेवायला नकार दिला.

देश युद्धात होता. त्यांना देशद्रोही म्हणणं किती सोपं होतं! त्याआधी १९४३ मध्ये त्रिनिदादला असलेल्या ८० व्या बटालियनच्या १९ काळ्या सैनिकांनी भेदभावाबद्दल तक्रार मांडली, तर त्यांना नौदलातून काढून टाकलं होतं. ३४ व्या बटालियनच्या माणसांना याची कल्पना नसेल असं मला वाटत नाही. तरीही ते उपाशी राहिले. चौकशी झाली, आणि बटालियनच्या कमांडरला आणि त्याच्या काही अधिकाऱ्यांना बदलावं लागलं.

या माणसांना आपल्या कामाचा अभिमान नव्हता असं कोण म्हणेल? मला वाटतं, अभिमान होता म्हणूनच ते उपाशी राहिले. ‘हे आम्ही बांधलं आहे, तेव्हा इथली वागणूक कशी असावी हे बोलायचा आम्हाला हक्क आहे,’ असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याला आपण इथले आहोत याची खात्री असते, तो तक्रार करतो. ज्याला ती खात्री नसते, तो स्टिकर लावतो.

अभिमान आणि पुरावा यांतला फरक मला असा समजला. पुरावा दुसऱ्यासाठी असतो. तो मागणारा ठरवतो की किती पुरेसा आहे, आणि तो कधीच पुरेसा होत नाही. अभिमान स्वतःच्या कामातून येतो, आणि त्याला प्रश्न विचारले तरी तो मोडत नाही. पुरावा देणारा माणूस मात्र प्रश्न विचारूच शकत नाही. प्रश्न विचारला की त्याचा पुरावा बाद होतो.

आजोबांनी मला एकदा विचारलं होतं, “तुमच्याकडे सीबीज असतात का?” मी म्हटलं, माहीत नाही. हे सांगताना आज लाज वाटते. कॉलेजला जाता-येता मी रोज खडकीवरून जायचो आणि खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. लष्करासाठी रस्ते, पूल बांधणारी, सुरुंग काढणारी ही माणसं. याच सॅपर्समधले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारकडचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे जायचे होते आणि रस्ताभर सुरुंग पेरलेले, झाडं पाडून, दरडी टाकून वाट अडवलेली. राणे पहिल्याच दिवशी जखमी झाले, तरी चार दिवस वाट मोकळी करत राहिले. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेल्या मोजक्या सैनिकांपैकी ते एक. ते मिळालं रस्ता तयार करण्यासाठी.

त्याच नौशेरा भागात ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान लढत होते. राणेंच्या त्या कामगिरीनंतर तीन महिन्यांच्या आत, ३ जुलै १९४८ रोजी, झांगडला ते शहीद झाले. उस्मानसाहेबांचं नाव आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. राणेंचं नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? उस्मान हे आपल्याला ‘कामाला येणारं’ नाव आहे, म्हणून ते पाठ आहे. १५ ऑगस्ट आला की त्यांचा फोटो आपल्या स्टेटसवर चढतो. खरं सांगा, त्यात अभिमान किती आणि ‘बघा, आमच्यातलेही होते’ असा पुरावा किती? ज्या माणसाने पाकिस्तानात जायला नकार दिला आणि आपल्या जवानांसोबत राहिला, त्याने कुणासाठी दाखला म्हणून जीव दिला नव्हता. त्याला आपण आधार कार्डासारखं खिशातून काढून दाखवतो. हा त्याचाही अपमान आहे आणि आपलाही.

आपला दुसरा आजार याच्या उलटा आहे. कुणी डिवचलं की आपण म्हणतो, “ताजमहाल आम्ही बांधला, लाल किल्ला आम्ही बांधला.” आम्ही म्हणजे कोण? बादशहाशी आपलं नातं आपण लगेच जोडतो. दगड घडवणाऱ्या, चुना मळणाऱ्या कारागिराशी जोडत नाही, मग तो कुठल्याही धर्माचा असो. आपल्या मोहल्ल्यात लग्न जुळवताना ‘मुलाचे वडील मिस्त्री आहेत’ हे कसं हळू आवाजात सांगितलं जातं, ते मी माझ्या घरी ऐकलं आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या इमारतीची मालकी सांगणाऱ्या पोराला आपल्या गल्लीची गटार कुणी बांधली आणि ती दर पावसाळ्यात का तुंबते, हे माहीत नसतं. ज्या अभिमानासाठी आपण काहीच केलेलं नाही, तो फार स्वस्त पडतो.

मी झेंड्याच्या विरोधात बोलत नाहीये, सैनिकांच्या तर नाहीच. ज्याला मनापासून लावायचा आहे त्याने तिरंगा खुशाल लावावा. माझ्या अब्बांवरही माझा राग नाही. त्यांनी मुलाला वाचवायचा उपाय सांगितला होता. ज्या समाजात बापाला हा उपाय सुचावा लागतो, त्या समाजाला जाब विचारायचा आहे. पण तो जाब विचारायला आपण उभं राहायचं कशावर? स्टिकरवर उभं राहता येत नाही. आपण जे बांधलं, लिहिलं, शिकवलं, दुरुस्त केलं, त्यावर उभं राहता येतं. नर्सिंग करणारी आपली मुलगी, एसटीचा मेकॅनिक, झेडपीच्या शाळेतला मास्तर, यंत्रमागावरचा कामगार, यांनी हा देश रोज चालवला आहे. नळाला पाणी येणं हाच त्यांचा दाखला आहे, आणि तो कुणाला दाखवायला जायची गरज नाही.

मात्र एक अट आहे. रविवारी मॅग्नेट काढून खालचं पुसायला हवं. आपण बांधतोय ते कुणाच्या घरावर उभं राहतंय, त्यातून कोण बाहेर फेकलं जातंय, कुणाला वेगळ्या पंगतीत बसवलं जातंय, हे विचारायला हवं. आपल्या कंपनीत, आपल्या शाळेत, आपल्या जमातीतही. काम ही अमानत आहे असं आपण म्हणतो, मग अमानतीचा हिसाबही द्यावा लागतो.

आजोबांनी तो दिला. मी परत निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, की त्या दिवशीनंतर त्यांनी चागोसच्या लोकांबद्दल लायब्ररीतून एक पुस्तक आणून वाचलं. “धावपट्टी चांगलीच बांधली होती आम्ही,” ते म्हणाले. “पण ती घरं कुणाची, हे विचारायला हवं होतं.” मग त्यांनी मॅग्नेट पुसलं आणि ट्रकला परत लावलं. ते काढून फेकलं नाही, हे मला पटलं. काम त्यांचं होतं आणि चूकही त्यांच्या हिशेबात होती.

मी परत आल्यावर पुढच्या एका प्रोजेक्टमध्ये पुन्हा पिनकोडचा निकष आला. या वेळी मेल लिहून थांबलो नाही. मीटिंगमध्ये उभा राहिलो, आकडे दाखवले, आणि माझं नाव त्या मॉड्यूलवर नको असं सांगितलं. निकष अर्धाच निघाला. माझ्या त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये ‘टीमशी जुळवून घेत नाही’ असा शेरा आला. दोन दिवस उपाशी राहण्यापुढे हे काहीच नाही.

गेल्या रमजान ईदला मिरजेला गेलो तेव्हा अब्बांना घेऊन बसलो आणि एक वही काढली. त्यांनी कुठे कुठे काम केलं, ते वर्षाप्रमाणे लिहून घेतलं. दोन शाळा, एक दवाखाना, एक मंगल कार्यालय, किती तरी घरं, एका देवळाचा सभामंडप, एक मशीद, आणि ती टाकी. लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, की त्यातल्या एका इमारतीत सिमेंट कमी घालायला लावलं होतं आणि ते बोलले नाहीत. “वो भी लिख,” म्हणाले. मी लिहिलं.

तुमच्याही घरात अशी एक वही होऊ शकते. अब्बांना विचारा, अम्मीला विचारा, आणि मग स्वतःचं पान सुरू करा.